शिसवाची गिटार आणि 'सिद्ध झाले आहे' हे तीन शब्द

गिटारच्या दुकानात गेलात तर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मागची बाजू रोझवूडची आहे, आवाज भरीव येतो." भारतीय रोझवूड म्हणजे सह्याद्रीत वाढणारा आपला शिसव, ज्याची जुनी कपाटं आणि पलंग अजून घरोघरी आहेत. या विश्वासाची परीक्षा घेणारा एक पेपर आज वाचू. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी त्याचाच हवाला देऊन लिहिलं होतं, "लाकडाने फरक पडत नाही हे सिद्ध झाले आहे." गाईडने शेवटच्या तीन शब्दांखाली लाल रेघ मारून मसुदा परत केला. तेव्हा राग आला होता. पेपर पुन्हा वाचल्यावर रेघ पटली.

पेपर २०१८ चा, कार्कान्यो आणि सहकाऱ्यांचा, 'जर्नल ऑफ द अकूस्टिकल सोसायटी ऑफ अमेरिका'मधला. स्टीलच्या तारांच्या सहा गिटारी एकाच आराखड्याने बनवल्या. फरक फक्त पाठीच्या आणि कडांच्या लाकडात: ब्राझिलियन रोझवूड, भारतीय रोझवूड, महोगनी, मेपल, सापेली आणि अक्रोड. ५२ वादकांनी मंद उजेडात, वेल्डरचे गॉगल लावून त्या वाजवल्या. लाकूड दिसू नये म्हणून ही खटपट! सहाही गिटारींना गुण जवळजवळ सारखेच पडले. ३१ वादकांची आणखी एक चाचणी झाली: दोन गिटारी वाजवा, मग तिसऱ्यांदा हातात आलेली त्यातली कोणती ते ओळखा. तेही सहज जमलं नाही.

डिझाइन सुंदर आहे. महागडं लाकूड सहसा निष्णात कारागिराच्या हातात जातं, म्हणून बाजारात रोझवूडच्या गिटारी चांगल्या वाजतात तेव्हा श्रेय लाकडाचं की हाताचं, ते कळत नाही. इथे सगळ्या गिटारी एकाच कारागिराच्या देखरेखीखाली झाल्या, हा गुंता सुटला.

आता उणीव. प्रत्येक लाकडाची गिटार एकच आहे. ५२ हा आकडा बघून सॅम्पल मोठं वाटतं, पण ती माणसांची संख्या आहे, लाकडाची नाही. उद्या महोगनीची गिटार सरस ठरली असती, तर गुण महोगनीचा की त्या एका गिटारीचा, हे सांगता आलं नसतं. फरक सापडला नाही म्हणून ही उणीव कमी बोचते, पण संपत नाही. लेखकांनीच मोजमापातले छोटे फरक बहुतांशी घडणीतल्या कमीजास्तपणावर टाकले आहेत. मग त्याच कमीजास्तपणाखाली लाकडाचा बारीकसा फरक दबलाही असेल, नाही का?

दुसरी गोष्ट मर्यादेची. निष्कर्ष पाठ आणि कडांबद्दल आहे. आवाजाचा मोठा भार वरच्या पातळ फळीवर असतो, तिच्याबद्दल हा पेपर काही म्हणत नाही. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारबद्दलही नाही. लेखकांचे शब्द मोजके आहेत: परिणाम अगदी किरकोळ असावा. 'शून्य' त्यांनी म्हटलेलं नाही, ते मी म्हटलं होतं.

"मग तोरेसचं काय?" असं कोणी विचारेल. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेसने १८६२ मध्ये पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या करून गिटार बनवली होती. उदाहरण झकास आहे, पण उदाहरणच. प्रस्तावनेत घाला, निष्कर्षात नको.

एवढा कीस का काढायचा? कारण या वाक्यावर जंगलं अवलंबून आहेत. ब्राझिलियन रोझवूडच्या व्यापारावर साइट्स करारानुसार १९९२ पासून सर्वात कडक बंधन आहे. २०१७ मध्ये शिसवाच्या संपूर्ण कुळावरच परवान्याची अट आली, आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. वादकांना फरक कळतच नसेल, तर दुर्मीळ झाड तोडायचं समर्थन लंगडं पडतं. मलाही तेच हवं आहे, आणि म्हणूनच मी घाई केली. आपल्याला आवडणारा निष्कर्ष आला की आपण पेपर अर्धाच वाचतो.

आता माझ्या सिनॉप्सिसमधलं वाक्य असं आहे: "स्टीलच्या तारांच्या गिटारमध्ये पाठीच्या लाकडाचा परिणाम किरकोळ असल्याचे संकेत आहेत, प्रत्येक लाकडाच्या अनेक गिटारी घेऊन तपासणे बाकी आहे." वाक्य लांबलं, जोरही कमी झाला. पण त्याच्या उत्तरार्धात मला माझा संशोधनप्रश्न सापडला. तुमच्या मसुद्यात 'सिद्ध झाले आहे' कुठे कुठे आहे, आज एकदा शोधून बघा.