‘आहे’ आणि ‘असावा’ : बुद्बुदबिंदू-दाबाच्या संगणकीय अनुमानाचे परीक्षण

भूगर्भातील खनिज तेलात वायू विरघळलेल्या अवस्थेत असतो. साठ्याचा दाब उतरत जाऊन ज्या दाबास या वायूचा पहिला बुडबुडा सुटा होतो, त्यास बुद्बुदबिंदू-दाब, किंवा तेलक्षेत्रातील रूढ बोलीत ‘बबल पॉइंट’, म्हणतात. या मर्यादेखाली तेलाचे आकारमान घटते, त्याची श्यानता वाढते आणि मोकळा झालेला वायू तेलास मागे टाकून विहिरीकडे धावू लागतो. विहिरीतून तेल किती वेगाने उपसावे, पाणी सोडून साठ्याचा दाब केव्हा सावरावा, हे निर्णय या एका अंकावर अवलंबून असतात.

हा अंक मिळविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मोजमापाचा. साठ्यातील द्रवाचा नमुना प्रयोगशाळेतील पात्रात साठ्याच्या तपमानास ठेवून त्यावरील दाब पायरीपायरीने उतरविला जातो. दाब व आकारमान यांच्या आलेखाची रेषा जेथे एकाएकी वळते, तेथे बुद्बुदबिंदू. दुसरा मार्ग अनुमानाचा. विरघळलेल्या वायूचे प्रमाण, वायूची व तेलाची घनता आणि तपमान या चार राशी सूत्रात घातल्या की दाबाचा अंदाज निघतो. नमुना उपलब्ध नसेल तेथे हा दुसरा मार्ग अपरिहार्य ठरतो, आणि आज तो संगणकप्रणालींमुळे एका क्षणाचा झाला आहे. प्रस्तुत परीक्षणाचा विषय या प्रणालींचे गणित नसून त्यांची भाषा हा आहे.

अशा प्रणालीत वापरणाऱ्यापुढे सामान्यतः आडनावांची एक यादी येते : स्टँडिंग, ग्लासो, अल-मरहून इत्यादी. स्टँडिंग यांचे १९४७ चे सूत्र कॅलिफोर्नियातील २२ तेल-वायू मिश्रणांवरील १०५ निरीक्षणांतून निघाले, आणि त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच कॅलिफोर्नियाचा उल्लेख होता. ग्लासो यांचे १९८० चे सूत्र मुख्यतः उत्तर समुद्रातील ४५ तेलनमुन्यांवर, तर अल-मरहून यांचे १९८८ चे सूत्र मध्यपूर्वेतील ६९ मिश्रणांवर आधारलेले आहे. यादीत येताना हे प्रांत गळाले आणि आडनावे उरली. मूळ लेखकांनी प्रामाणिकपणे घातलेली मर्यादा अशी वाटेतच हरवली. एका तालुक्याच्या बोलीवरून रचलेले व्याकरण केवळ व्याकरणकाराच्या नावाने ओळखले जाऊ लागावे आणि पुढे साऱ्या भाषेस लागू केले जावे, तसाच हा प्रकार होय.

याचा परिणाम किती होतो, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल. प्रति बॅरल ५०० घनफूट विरघळलेला वायू, हवेच्या तुलनेत त्याची घनता ०.७५, तेलाची एपीआय घनता ३० अंश आणि तपमान १८० अंश फॅरेनहाइट, असे धरल्यास स्टँडिंग यांचे सूत्र सुमारे २,४४० पौंड प्रति चौरस इंच हा दाब देते. अल-मरहून यांचे सुमारे २,७४०. आणि ग्लासो यांचे सुमारे २,८६५. साठ्याचा दाब २,६०० असेल, तर पहिल्या उत्तरानुसार सर्व वायू अद्याप तेलात विरघळलेला आहे. उरलेल्या दोन्हींनुसार तो सुटू लागलेला आहे. साठा एकच, परंतु निदाने परस्परविरोधी. तथापि प्रणाली तिन्ही वेळा सारख्याच निःशंकपणे, प्रसंगी दशांशस्थळांसह, उत्तर देते.

मराठीत ‘दाब इतका आहे’ आणि ‘दाब इतका असावा’ या दोन वाक्यांत ज्ञानाच्या आधाराचा भेद आहे. पहिले मोजणाऱ्याचे वाक्य, दुसरे तर्क करणाऱ्याचे. संगणकाच्या कोष्टकात क्रियापदच नसते. त्यामुळे हा भेद व्यक्त करण्यास जागा उरत नाही, आणि अहवाल लिहिणारा ‘असावा’च्या जागी नकळत ‘आहे’ लिहून मोकळा होतो.

प्रणालींचा दोष दाखविताना त्यांचे मोल नाकारणे अन्यायाचे होईल. मोजलेला एक बिंदू हाती असल्यास त्याच्याशी सूत्राचा मेळ घालण्याची सोय अनेक प्रणालींत असते, आणि तशा वेळी अनुमानास खरा पाया मिळतो. परंतु जेथे तो बिंदू नाही, तेथे भरलेल्या राशींची शुद्धताही तपासावी लागते. विभाजक पात्रातील वायू मोजून टाकीत सुटणारा वायू सोडून दिला, तर वायूचे प्रमाण कमी धरले जाते आणि उत्तरही खाली येते. सूत्र कितीही निर्दोष असले तरी ही चूक त्यास दिसत नाही.

मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल सापडले, तेव्हा स्टँडिंग यांचे सूत्र २७ वर्षांचे झाले होते. जे क्षेत्र सूत्ररचनेच्या वेळी ज्ञातच नव्हते, त्यास ते लागू पडते की नाही, हे त्या क्षेत्रातील नमुनाच सांगू शकतो. म्हणून प्रणालीने अंकाशेजारी तीन गोष्टी छापणे आवश्यक आहे : सूत्र कोणत्या प्रदेशातील निरीक्षणांवरून निघाले, भरलेल्या राशी त्या निरीक्षणांच्या मर्यादेत बसतात काय, आणि इतर सूत्रांची उत्तरे किती अंतरावर आहेत. एवढे केले तरी अनुमान हे अनुमानच राहील. परंतु वाचणाऱ्यास ते तसे असल्याचे कळेल.