लाल दिव्याचे माहितीपत्रक वाचताना

वाशीम जिल्ह्यातील एका शिक्षक-मित्राने आमच्यापुढे एक माहितीपत्रक ठेवले. लाल दिव्यासमोर रोज पंधरा मिनिटे बसल्यास गुडघेदुखी, केस गळणे, निद्रानाश आणि मधुमेहाच्या जखमा बऱ्या होतात, असे त्यात छापले होते. मित्राच्या आईला मधुमेह आहे आणि तळपायाला जखम झाली आहे. "दिवा घ्यावा का?" एवढेच त्यांनी विचारले. म्हणून आम्ही पत्रकातील विधाने एकेक करून तपासली.

पहिले विधान : लाल प्रकाश त्वचेतून आत शिरतो. हे खरे आहे. अंधाऱ्या खोलीत पेटत्या विजेरीवर बोटे ठेवून पाहा. ती लालभडक दिसतात. रक्तातील हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश फार शोषते, लाल त्यामानाने कमी. मात्र हा प्रकाश जसजसा आत जातो तसतसा क्षीण होत जातो. गुडघ्याच्या सांध्यापर्यंत त्यातला किती पोहोचतो, याबद्दल पत्रक गप्प आहे.

दुसरे विधान : पेशींची ऊर्जा वाढते. याला आधार आहे, पण तो पक्का नाही. पेशीतील तंतुकणिकांत सायटोक्रोम-सी-ऑक्सिडेज नावाचे विकर असते. ते लाल व निकट-अवरक्त प्रकाश शोषते आणि त्यामुळे एटीपीची निर्मिती वाढते, असे अनेक संशोधक मानतात. काहींना ते मान्य नाही. १९६७ मध्ये बुडापेस्टच्या एंड्रे मेस्टर यांना लेसरचा मंद प्रकाश दिलेल्या उंदरांचे केस लवकर उगवलेले दिसले. तेथून हा अभ्यास वाढला. प्रकाशाची मात्रा कमी पडली तर परिणाम होत नाही आणि जास्त झाली तरी तो घटतो, असेही आढळले आहे. पत्रकात मात्र तरंगलांबी नाही, मात्रा नाही, अंतरही नाही.

तिसरे विधान : सर्व विकारांवर गुणकारी. येथे पत्रक घसरते. कर्करोगाच्या उपचारांत तोंडात होणारे व्रण टाळण्यासाठी ठरावीक रुग्णांना हा प्रकाश देण्याची शिफारस तज्ज्ञ करतात. केस गळण्यावर काही चाचण्यांत माफक लाभ दिसला. मधुमेहाच्या जखमांवर लहान चाचण्या झाल्या आहेत. पण त्यांत दिवा नेहमीच्या उपचारांच्या जोडीला होता, त्यांच्या जागी नव्हे.

असे दावे नवे नाहीत. मुंबईत १८७३ मध्ये जन्मलेले दिनशा घडियाली अमेरिकेत गेले आणि १९२० मध्ये त्यांनी 'स्पेक्ट्रो-क्रोम' नावाची रंगीत काचांची पेटी आणली. आत साधा विजेचा दिवा होता आणि दावा जवळजवळ प्रत्येक रोगाचा. १९४७ मध्ये तेथील न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. याउलट, नवजात बाळाच्या काविळीवर निळा प्रकाश रुग्णालयांत रोज वापरला जातो. कारण तो बिलिरुबिनवर नेमका काय परिणाम करतो हे ठाऊक आहे आणि त्याची मात्रा मोजता येते. प्रकाशाने उपचार होतात, पण नेमका प्रकाश, नेमक्या मात्रेत, नेमक्या विकारावर.

मित्राला आम्ही म्हटले, "दिव्याचे नंतर बघू. आईंचा पाय आजच डॉक्टरांना दाखवा. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, जखम दुखत नाही आणि वाया गेलेले दिवस पायावर बेततात."

शिक्षकांनी असे एखादे पत्रक वर्गात जरूर न्यावे आणि विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे : प्रकाश कोणता? किती? आणि ज्यांना तो दिलाच नाही, त्यांच्याशी तुलना केली का?