‘यवन’ शब्दाची व्युत्पत्ति व अर्थ

‘यवन’ हा शब्द ‘यु’ धातूपासून साधण्याची आपल्या टीकाकारांची व कोशकारांची जुनी चाल आहे. धातुपाठांत या धातूचे मिसळणें व न मिसळणें असे दोन्ही अर्थ दिलेले असल्यामुळें त्यांतून कोणतेंहि राष्ट्र निपजूं शकेल! व्याकरणावर आमची निष्ठा आहे. तथापि ही व्युत्पत्ति आम्हांस सर्वथा अग्राह्य वाटते.

शब्द मूळचा ग्रीक आहे. इलियडांत ‘इआओनेस’ हें लोकनाम येतें. त्यांत पूर्वीं वकार होता. क्नोसॉस येथील मृत्तिकापट्टांची लिपि १९५२ सालीं उलगडली, तेव्हां हें नाम त्यांवर सवकारच आढळलें. इराणी सम्राट् दारयवहु याच्या बेहिस्तून येथील लेखांत तें ‘यौन’ झालें, आणि अशोकाच्या तेराव्या शिलालेखांत अंतियोक हा ‘योन’ राजा म्हणून येतो. मग संस्कृतांतील वकार ग्रीकांचा कीं आपला? प्राकृतांत ‘लवण’चें ‘लोण’ होतें; त्याच वाटेनें उलट जाऊन ‘योन’चें ‘यवन’ केलें असावें, असें आमचें मत आहे. ‘यवन’ हें रूप पाणिनीस ठाऊक आहे हें खरें (४.१.४९), परंतु तो गांधारांतील शलातुरचा, व गांधार दारयवहूच्या राज्यांत मोडत असे. वसिष्ठाच्या धेनूच्या योनीपासून यवन निघाले, ही बालकांडांतील कथा तरी ‘योन’ हा उच्चार कानांत असल्यावांचून कशी सुचावी?

अर्थाविषयींची चूक याहून घातक आहे. कार्ल्याच्या चैत्यांतील स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांचीं दानें कोरलेलीं आहेत. जुन्नरास इरिल नामक यवनानें पाण्याचीं दोन टाकीं दिलीं. बखरींतील ‘यवन’ म्हणजे मुसलमान, हा अर्थ मनांत धरून कोणी हे लेख वाचूं लागला, तर इस्लामच्या उदयापूर्वीं कित्येक शतकें मुसलमान बौद्ध भिक्षूंस दानें देत होते असें त्यास मानावें लागेल. राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या शक ८४८ च्या चिंचणी ताम्रपटांत तर संजाणच्या अरब अधिकाऱ्यास ‘ताजिक’ म्हटलें आहे. तथापि सरसकट ‘ग्रीक’ असें भाषांतर करणेंहि घाईचें होईल. कार्ल्याच्या दात्यांचीं नांवें बहुतेक एतद्देशीय आहेत, आणि गिरनार येथील रुद्रदामन्‌च्या लेखांतील ‘यवनराज’ तुषास्फ याचें नांव इराणी आहे. म्हणून लेखांच्या भाषांतरांत ‘यवन’ हा शब्द तसाच ठेवावा व अर्थाची चर्चा टीपेंत करावी.