प्रतिरोधाचे बळ व कालमानाचा प्रश्न

शेअरबाजाराच्या आलेखविद्येत ‘प्रतिरोध’ ही संज्ञा आता रूढ झाली आहे. भाव चढत असता ज्या पातळीपाशी विक्रीचा जोर वाढून तेजी खुंटते, ती प्रतिरोधाची पातळी होय. एडवर्ड्स व मॅगी यांच्या १९४८ च्या ग्रंथाने या कल्पनेची शिस्तबद्ध मांडणी केली. पातळीपाशी पूर्वी झालेली उलाढाल व मध्यंतरी लोटलेला काळ अशा गमकांवरून तिचे बळ जोखण्याची रीत त्यातून प्रचारात आली. आज तिच्या जोडीला एक नियम सर्रास सांगितला जातो : जी पातळी दैनिक, साप्ताहिक व मासिक अशा तिन्ही आलेखांत दिसते, ती सर्वांत बलवान. प्रस्तुत टिपणातील आक्षेप या नियमावर आहे.

पहिली गोष्ट अशी की, हे तीन आलेख म्हणजे तीन स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. आठवड्याचा उच्चांक हा त्यातील दैनिक उच्चांकांपैकीच एक असतो, महिन्याचेही तेच. एकच साक्ष तीन वह्यांत नोंदविल्याने तिप्पट होत नाही. अनेक शिखरांपैकी कोणते अधिक काळ अबाधित राहिले, एवढेच दीर्घ आलेख सांगतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अमेरिकेतील डाऊ जोन्स औद्योगिक निर्देशांकाची १००० ही पातळी पाहावी. १९६६ च्या फेब्रुवारीत निर्देशांक ९९५.१५ वर बंद होऊन परतला. १४ नोव्हेंबर १९७२ रोजी तो १००३.१६ वर व ११ जानेवारी १९७३ रोजी १०५१.७० वर बंद झाला. दैनिक आलेखाच्या वाचकाने ‘प्रतिरोध भेदला’ असेच म्हटले असते. परंतु डिसेंबर १९७४ मध्ये निर्देशांक ५७७.६० पर्यंत कोसळला. १९७६ मध्ये तो पुन्हा हजारावर जाऊन मागे आला आणि १९८२ च्या अखेरीसच ती पातळी कायमची मागे पडली. मासिक आलेखात ही सोळा वर्षांची भिंत दिसते. पण ती भिंत होती हे ठरले ते सोळा वर्षे सरल्यावर. शिवाय त्या काळात तेथील महागाई जवळजवळ तिपटीने वाढली होती. आकडा तोच राहिला, त्याचा अर्थ मात्र पालटला.

‘बलवान’ हे विशेषण ‘उंच’ या विशेषणासारखे सापेक्ष आहे. उंच गवत व उंच डोंगर यांची तुलना कोणी करीत नाही; पण कालमान न सांगता ‘बलवान प्रतिरोध’ म्हणणारा नेमके तेच करतो.

म्हणून ही कल्पनाच निरर्थक ठरते, असे नव्हे. कॅरोल ऑस्लर यांच्या २००० च्या अभ्यासात सहा संस्थांनी दिलेल्या पातळ्यांपाशी चलनांचे दिवसांतर्गत दर खरोखरच अडतात असे आढळले. मात्र हे भाकितसामर्थ्य संस्थेगणिक व चलनागणिक बदलत होते. तात्पर्य, बळाचे विधान करणाऱ्याने दोन गोष्टी आधीच सांगाव्यात : विधान कोणत्या कालमानाचे, आणि त्या कालमानात किती भाव पातळीवर बंद झाले म्हणजे ती भेदली असे मानावयाचे. हे न सांगितल्यास विधान कधीच खोटे ठरत नाही; खोटा ठरतो तो त्यावर विसंबून पैसा गुंतविणाऱ्याचा हिशेब.