‘बाहेरचा सण’ असं लिहिण्याआधी

सणांवर संशोधन करणार असाल तर एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेलं ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’ (१९८३) वाचाच. जुन्या वाटणाऱ्या कितीतरी परंपरा अलीकडे घडवलेल्या असतात, हे त्याचं मुख्य म्हणणं.

आता हे पुस्तक घेऊन विट्यात या. दसऱ्याला पालख्यांची शर्यत, ती ‘आपली’. नवरात्रातला दांडिया गुजरातचा, म्हणून ‘बाहेरचा’. झालं संशोधन? गलाईच्या धंद्यासाठी इथली माणसं देशभर पसरली. मग या गावाचं ‘बाहेर’ नेमकं कुठे सुरू होतं?

इथेच पुस्तक अपुरं पडतं. परंपरा कोणी घडवली यावर त्याचा भर. लोकांनी ती का उचलली, हे मागे राहतं. फ्रान्समध्ये १९९७ला फ्रान्स टेलिकॉमने हॅलोविनच्या नावाने मोबाईल विकायला काढला. बाजाराने जोर लावला, तरी काही वर्षांत ती लाट बरीच ओसरली. म्हणजे सण आणणारा एक, रुजवणारे वेगळे.

माझ्या पहिल्या आराखड्यात मी दांडियाला ‘सांस्कृतिक आक्रमण’ म्हटलं होतं. गाईडनी एवढंच विचारलं, “नाचणाऱ्या मुलींशी बोललास का?” नव्हतो बोललो. रात्री दहापर्यंत मैदानात थांबायची मुभा त्यांना एरवी कधी मिळते, हा प्रश्नच मला सुचला नव्हता.

तुम्ही तरी आधी तो विचारा. शीर्षक नंतर ठरवा.