सरकत्या खिडकीचा हिशेब : उपनगरातलं ॲल्युमिनियम

‘ॲल्युमिनियमचे नावीन्यपूर्ण उपयोग’ असा आजचा विषय छापला गेला आहे. या मथळ्याखाली नेहमी काय दाखवलं जातं ते आपल्याला पाठ आहे. विमानाचा सांगाडा, एका ठोकळ्यातून कोरून काढलेला लॅपटॉप, मग एखादी खुर्ची. खुर्ची बहुधा 1944 सालची, अमेरिकी नौदलासाठी केलेली, आता श्रीमंतांच्या जेवणघरात असते ती. या वस्तू चांगल्याच आहेत, पण त्यांच्यावर पुष्कळ बोलून झालंय. आम्ही आज अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड एवढ्याच टापूत राहणार आहोत. इथे हा धातू कुणी कौतुक न करता रोज वापरला जातो, आणि टीका करायची तर ती इथेच करायला हवी.

आधी थोडं नावाबद्दल. आपल्या आज्या याला ॲल्युमिनियम म्हणत नसत. ‘जर्मल’चं पातेलं, ‘जर्मन’चा टोप असं म्हणत. या नावाचं नातं जर्मन सिल्व्हरशी लावलं जातं. गंमत म्हणजे जर्मन सिल्व्हरमध्ये तांबं, जस्त आणि निकेल असतं. ॲल्युमिनियम नसतंच, आणि चांदीही नसते. पुढे ‘हिंडालियम’ आलं. हे एका कंपनीच्या मिश्रधातूचं नाव, पण भांड्यांच्या दुकानात ते जातिवाचक नाम होऊन बसलं. जाड, जड कढई ती हिंडालियमची, मग कारखाना कुठलाही असो. त्या हिंडाल्कोचं नोंदणीकृत कार्यालय बरीच वर्षं अंधेरीत, महाकाली केव्हज रोडवर होतं. म्हणजे शब्दाचा पत्ताही उपनगरातलाच निघाला.

भारतात या धातूची भांडी पहिल्यांदा घडवली गेली ती मद्रासच्या कलाशाळेत, 1898 च्या सुमारास, आल्फ्रेड चॅटर्टन यांच्या पुढाकाराने. पितळेच्या भांड्याला कल्हई लागते, ते जड असतं आणि महाग पडतं. ॲल्युमिनियम हलकं, स्वस्त, लवकर तापणारं. गिरणगावातून उपनगरात सरकत गेलेल्या बिऱ्हाडांना ते परवडलं. चिंचेची आमटी त्यात ठेवू नये, हे शहाणपणही बायकांनी अनुभवाने मिळवलं. धातूवर हवेत आपोआप ऑक्साइडचा पातळ थर चढतो, तोच त्याला जपतो, आणि आंबट पदार्थ तोच थर खातो. रसायनशास्त्र एवढंच आहे.

या स्वयंपाकघरातली एक वस्तू आम्हाला खरोखर श्रेष्ठ वाटते. मुलुंड चेकनाका ओलांडला की वागळे इस्टेट लागते. तिथे हॉकिन्सचा कारखाना आहे. कंपनी 1959 सालची. तिच्या कुकरचं झाकण आतून बसतं. वाफेचा दाब वाढला की तोच झाकणाला कडेवर घट्ट दाबून धरतो, आणि दाब उतरेपर्यंत ते निघत नाही. सुरक्षेसाठी वेगळं यंत्र लावण्याऐवजी ज्या शक्तीची भीती तिलाच कुलूप करून टाकलंय. झाकण तिरकं करून आत घालायचं कसब नव्या सुनेला दोन दिवसांत येतं, जावयाला मात्र वर्षानुवर्षं येत नाही. (हशा) पण बघा, घडणीच्या प्रदर्शनात हा कुकर तुम्ही कितीदा पाहिलात? 1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारत सरकारसाठी अहवाल लिहिला, त्यात लोट्याचं मोठं कौतुक आहे. तेव्हापासून आपल्याकडे लोट्याचं कौतुक करणं ही रीतच झाली. कुकरला मात्र ते भाग्य लाभलं नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. खिडकी.

उपनगरातली 1960-70च्या दशकांतली चार मजली सोसायटी डोळ्यांसमोर आणा. खिडक्या लाकडाच्या किंवा लोखंडी चौकटीच्या, दोन्ही झडपा बाहेर उघडणाऱ्या. पावसाळ्यात लाकूड फुगायचं, बिजागरी गंजायची, वाऱ्याने झडप आपटून काच फुटायची, वाळवी लागायची. तक्रारी खऱ्या होत्या. त्यावर सरकती ॲल्युमिनियमची खिडकी हे उत्तर आलं, आणि ते उत्तर का पटलं हे समजून घेतलं पाहिजे. ती गंजत नाही, फुगत नाही, ग्रिलच्या आत मावते, पलंगाला अडत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत झडपेचा फिरण्याचा घेर वाचणं ही लहान गोष्ट नाही.

पण हिशेब करू. खिडकी पाच फूट रुंद, चार फूट उंच धरा. भिंतीत भोक वीस चौरस फुटांचं. झडपांची खिडकी पूर्ण उघडली की जवळजवळ वीसच्या वीस फूट वारा. दोन ट्रॅकची सरकती खिडकी कितीही ओढा, दहा फुटांच्या वर उघडत नाही, कारण एक काच कायम दुसरीच्या मागे असते. तिसरा ट्रॅक घेतला तर तो बहुतेक मच्छरदाणीच्या जाळीला जातो, म्हणजे उघडं भोक तेवढंच आणि त्यावर जाळी. ऑक्टोबरच्या उकाड्यात समुद्राकडून येणारा वारा आपण अर्ध्यावर अडवला, आणि मग त्याच भिंतीला एसीचं भोक पाडलं. या खिडकीला कुणी नावीन्य म्हणत असेल तर आमची हरकत नाही. मात्र हे नावीन्य खोलीची जागा वाचवतं आणि त्याची किंमत हवेत घेतं, एवढं कुठेतरी सांगायला हवं. विकताना ते कुणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट धंद्याची आहे, आणि आमच्या मते सगळी गोम तिथेच आहे. खिडकी बनवणारा फॅब्रिकेटर ‘सेक्शन’ विकत घेतो किलोवर. गिऱ्हाइकाला खिडकी विकतो चौरस फुटावर. याचा अर्थ लक्षात आला का? सेक्शन जितका पातळ, तितकी त्याची कमाई जास्त, आणि खिडकीचं माप तेच. गिऱ्हाइकाला जाडी दिसत नाही, दिसतो तो पावडर कोटिंगचा रंग. त्यामुळे वीस वर्षांत रंग सुधारत गेले, तपकिरी आला, लाकडासारखा दिसणाराही आला, आणि अंधेरीच्या बाविसाव्या मजल्यावर जुलैच्या वाऱ्यात काच थडथडत राहिली. खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला भोकं ठेवायची असतात. ती कधी पाडलेलीच नसतात, कधी सिलिकॉनने बुजलेली असतात, आणि पाणी सोफ्यावर येतं. इथे धातूचा दोष काहीच नाही. भट्टीतल्या तापलेल्या लगडीला साच्यातून दाबून हवा तो आकार काढता येणं, हीच तर ॲल्युमिनियमची मोठी देणगी. पट्टीत पाण्याचा उतारसुद्धा साच्यातच देता येतो. पण जिथे आकाराला दाम नाही, तिथे आकाराचा विचार कोण करणार?

उष्णतेचंही तसंच. लाकडापेक्षा ॲल्युमिनियम हजारपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. पश्चिमेकडच्या खिडकीच्या चौकटीला दुपारी चार वाजता हात लावून बघा. चौकटीचे आतले-बाहेरचे भाग मधल्या प्लॅस्टिकच्या पट्टीने तोडायची युक्ती जुनी आहे, परदेशात सर्रास वापरली जाते. आपल्याकडे ती ‘प्रीमियम’ सदरात मोडते.

बंद केलेल्या बाल्कनीवर आम्ही थोडक्यातच बोलू. 1991च्या नियमावलीत बाल्कनीला चटई क्षेत्रातून सूट होती आणि पैसे भरून ती बंदही करता येत असे. 2012च्या बदलात बाल्कनी, फुलझाडांचे कोनाडे हे सगळं मोजणीत आलं. नियमाने बाल्कनी काढून घेतली असं म्हणतात, पण त्याआधी आपण सगळ्यांनीच सरकत्या काचा लावून ती संपवली होती.

आता जे ॲल्युमिनियम दिसतच नाही त्याबद्दल. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठेही उभे राहणारे नवे टॉवर बघा. त्यांतले पुष्कळ ‘मिवान’ पद्धतीने बांधले जातात. हे मुळात एका कंपनीचं नाव, तेही आता हिंडालियमसारखं सामान्य नाम झालंय. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा साचा उभा करायचा, भिंती आणि स्लॅब एकदम ओतायचे, साचा सोडवून वरच्या मजल्यावर न्यायचा. पट्टी एका माणसाला हातात उचलता येते. स्लॅबमध्ये ठेवलेल्या फटीतून ती हातोहात वर जाते. आठवडा-दहा दिवसांत मजला, आणि तोच साचा शंभराहून अधिक वेळा. तंत्र म्हणून आम्ही त्याला सलाम करतो. प्लायवूडच्या शटरिंगमध्ये वाया जाणारं लाकूड वाचतं, भिंत सरळ येते, प्लास्टर जवळजवळ लागत नाही.

पण साच्याने घराचा स्वभावही ठरवला. सगळ्या भिंती काँक्रीटच्या, विटेच्या भिंतीपेक्षा जास्त तापणाऱ्या. खिळा ठोकायला ड्रिल मशीन हवं. विजेची नळी ओतण्याआधी जिथे ठेवली तिथेच प्लगपॉइंट, कायमचा. साचा जितका जास्त वेळा वापरावा तितका स्वस्त पडतो, म्हणून तिसरा मजला आणि तिसावा मजला एकच. आणि शटरिंगचा सुतार, जो लाकूड बघून, ठोकून, पाचर मारून काम करायचा, त्याच्या जागी आता पिन आणि वेज ठोकणारी टोळी. कुठलीही टीका इमारतीच्या दर्शनी भागावरच थांबते. या इमारतींवर सर्वांत जास्त हुकूम चालवलेला धातू काम संपवून ट्रकमधून निघून गेलेला असतो.

दर्शनी भागाबद्दलही एक गंभीर गोष्ट आहेच. 18 जुलै 2014 रोजी अंधेरी पश्चिमेला लोटस बिझनेस पार्क या काचेच्या उंच इमारतीला आग लागली. अग्निशमन दलाचा एक जवान गेला, गच्चीवर अडकलेल्यांना नौदलाच्या हेलिकॉप्टरने काढावं लागलं. ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेली, न उघडणारी काच धूर आत कोंडून ठेवते. शिवाय हा धातू 660 अंशांना वितळतो, आणि ताकद त्याच्या बऱ्याच आधी सोडतो. इमारतीच्या आगीत तेवढं तापमान सहज होतं. त्यानंतर तीन वर्षांनी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 72 माणसं मेली. तिथे बाहेरून लावलेले पत्रे ॲल्युमिनियमचे दिसत होते, पण दोन पातळ पत्र्यांमध्ये जळणारं प्लॅस्टिक होतं. तशाच जातीचे ‘एसीपी’चे पत्रे आपल्या स्टेशनबाहेरच्या दुकानांच्या पाट्यांवर, दवाखान्यांच्या दर्शनी भागावर चढलेले आहेत. आतला गाभा कसला आहे, हे बाहेरून कळत नाही. विचारावंच लागतं.

हा धातू येतो कुठून तेही सांगून टाकतो. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडी आहे. तिथल्या सड्यावरून बॉक्साइट निघून बेळगावच्या कारखान्यात जात आलं आहे. साधारण चार टन बॉक्साइटमधून एक टन ॲल्युमिनियम मिळतं, आणि एका किलोला चौदा युनिटच्या आसपास वीज लागते. तुमच्या खिडकीत दहा किलो धातू धरला तर छोट्या घराच्या महिन्याच्या बिलाएवढी वीज त्या चौकटीत गोठलेली आहे. तोच धातू पुन्हा वितळवायला याच्या जेमतेम पाच टक्के ऊर्जा पुरते. म्हणून भंगारवाला पत्र्यापेक्षा सेक्शनला चांगला भाव देतो. कुर्ल्या-धारावीत तो वितळून पुन्हा लगडी होतात.

सध्या तुमच्यापैकी अनेकांच्या सोसायट्या पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. करारनाम्याच्या शेवटच्या पानांत सोयीसुविधांची यादी असते. स्वयंपाकघराचा ओटा, टाइल, नळ यांवर आपण तासन्‌तास भांडतो, आणि खिडकीवर एकच ओळ असते: ‘पावडर कोटेड ॲल्युमिनियम स्लायडिंग विंडो’. त्या ओळीत सेक्शनची जाडी मिलिमीटरमध्ये घालून घ्या. निदान झोपायच्या खोलीत पूर्ण उघडणारी झडप मागा. बिल्डर पाऊस पुढे करेल, तर बाहेर छज्जा मागा. खालच्या पट्टीतली पाण्याची भोकं नकाशावर दाखवायला सांगा. आणि जुन्या इमारतीच्या खिडक्यांचं भंगार कुणाचं, हेही तिथेच लिहून घ्या. पाडकामाचा कंत्राटदार पहिल्या दिवशी आधी तेच उतरवतो.