अनुज्ञा कोणाची? : वाचनात असलेल्या तीन कादंबऱ्या

पालि वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्याने कादंबऱ्या कशासाठी वाचाव्यात, असा प्रश्न आम्हास अधूनमधून विचारला जातो. सुत्त आणि विनय यांत सत्य आहे, कादंबरीत कल्पना आहे. मग कल्पनेसाठी वेळ का दवडावा, असे गृहीत या प्रश्नामागे असते. हे गृहीत आम्हास मान्य नाही. सुत्तविभंगात प्रत्येक नियमापूर्वी त्या नियमाची निदानकथा येते. कोणीतरी काहीतरी केले, लोकांनी कुरकुर केली, गोष्ट भगवंतांच्या कानी गेली आणि मग नियम झाला. नियम समजून घ्यावयाचा तर माणूस समजून घ्यावा लागतो, ही दृष्टी आपल्या परंपरेतच आहे. कादंबरी याहून वेगळे काय करते? ती माणसाला एका प्रसंगात उभे करते आणि नियमाचा भार त्याच्यावर कसा पडतो ते दाखविते.

सध्या आमच्या मेजावर तीन कादंबऱ्या आहेत. राहुल सांकृत्यायन यांची 'सिंह सेनापति', हेर्मान हेसे या जर्मन लेखकाची १९२२ साली प्रसिद्ध झालेली 'सिद्धार्थ' आणि यशपाल यांची १९४५ सालची 'दिव्या'. तिन्ही आम्ही पूर्वी चाळल्या होत्या. या वेळी पालि ग्रंथ शेजारी ठेवून वाचीत आहोत. असे वाचताना तिन्हींना जोडणारा एक धागा हाती आला. धम्माकडे जाण्यासाठी माणसाला कोणाची अनुज्ञा लागते, हा तो धागा होय.

प्रथम सिंहाकडे वळू. लिच्छवींचा हा सेनापती महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात आणि अंगुत्तरनिकायाच्या अट्ठकनिपातात भेटतो. तो निगंठांचा उपासक आहे. सभागृहात बुद्ध, धम्म आणि संघ यांची स्तुती ऐकून त्याला तथागतांच्या भेटीची इच्छा होते आणि तो आपल्या गुरूकडे, निगंठ नातपुत्ताकडे, अनुज्ञा मागावयास जातो. गुरू त्याला परावृत्त करतो आणि सिंहाची इच्छा मावळते. दुसऱ्यांदा पुन्हा तसेच घडते. तिसऱ्यांदा मात्र तो मनाशी विचार करतो की, विचारले काय आणि न विचारले काय, हे लोक माझे काय करणार आहेत? आणि तो न विचारताच निघतो. पुढे तो उपासक होऊ इच्छितो तेव्हा तथागत त्याला घाई करू देत नाहीत; नीट विचार कर, असे सांगतात. इतकेच नव्हे, तर तुझे घर निगंठांसाठी दीर्घकाळ पाणवठ्यासारखे राहिले आहे, तेव्हा त्यांचे दान बंद करू नकोस, असेही सुचवितात. ज्या गुरूने अनुज्ञा नाकारली त्याच्याच अनुयायांचे अन्न चालू ठेवावयास सांगणारा हा शास्ता आहे.

राहुलजींनी मज्झिमनिकाय व विनयपिटक यांचे हिंदी अनुवाद केलेले असल्यामुळे हा प्रसंग त्यांना हस्तामलकवत होता. कादंबरीत त्यांनी सिंहाच्याच मुखाने कथा सांगितली आहे. तक्षशिलेतील विद्यार्थिदशेपासून वैशालीच्या रक्षणापर्यंतचा त्याचा प्रवास त्यात येतो. वाचकाच्या मनात वैशालीचे गणराज्य उभे राहते. राजा नसलेले लोक एकत्र बसून निर्णय कसा घेतात, याचा लेखकाला वाटणारा अभिमान पानोपानी जाणवतो. तरीही आमचे मन राहुलजींच्या पराक्रमी सिंहापेक्षा विनयातील द्विधा सिंहाकडेच पुनःपुन्हा ओढले जाते. शस्त्रांना न भिणारा सेनापती गुरूच्या एका शब्दाने दोनदा मागे फिरतो. रणांगणावरील धैर्य आणि मनाच्या दास्यातून सुटण्याचे धैर्य ही दोन वेगळी धैर्ये आहेत, हे त्या चार ओळींच्या पालि निवेदनात जेवढे स्पष्ट होते तेवढे युद्धवर्णनात होत नाही.

हेसे यांचा नायक 'सिद्धार्थ' हा गौतम बुद्ध नव्हे, हे येथे सांगणे आवश्यक आहे; नावामुळे अनेकांचा गैरसमज होतो. तो ब्राह्मणपुत्र आहे. गृहत्यागासाठी तो पित्याची अनुज्ञा मागतो आणि ती मिळेपर्यंत रात्रभर एका जागी उभा राहतो. पहाटे पिता नमते घेतो. हा प्रसंग वाचताना मज्झिमनिकायातील रट्ठपाल आठवल्याशिवाय राहत नाही. आईबापांनी प्रव्रज्येस नकार दिला तेव्हा रट्ठपाल उघड्या भूमीवर आडवा होतो आणि अन्न वर्ज्य करतो. दोघेही लाडक्या घरचे पुत्र होते. दोघांच्या हट्टात बळ होते, कारण त्यांचे मरण घराला परवडणारे नव्हते.

पुढे हा सिद्धार्थ जेतवनात गौतमांना भेटतो. त्याचा मित्र गोविंद संघात जातो, सिद्धार्थ जात नाही. संबोधीच्या क्षणी तथागतांना जे अनुभवास आले ते उपदेशातून दुसऱ्याला देता येत नाही, असा त्याचा आक्षेप आहे. पालि वाचकाला हा आक्षेप नवा नाही. धम्म ज्याचा त्याने जाणावयाचा असतो, हे तथागतांनी स्वतःच सांगितले आहे. गणकमोग्गल्लान सुत्तात तर राजगृहाची वाट विचारणाऱ्या दोन माणसांचा दृष्टांत आहे. वाट सांगितल्यावरही एक पोहोचतो, दुसरा भलतीकडे जातो. तथागत मार्ग दाखविणारे आहेत. हेसे यांच्या नायकाने जे बुद्धाविरुद्ध मांडले ते बुद्धवचनात आधीच सामावलेले आहे. मात्र त्यातून मार्गच नको असा निष्कर्ष निघत नाही, हे तो ध्यानात घेत नाही.

आमची खरी तक्रार तत्त्वज्ञानाविषयी नाही. या कादंबरीत नायकासाठी प्रत्येक दार उघडे आहे. पिता, श्रमण, गौतम, गणिका कमला, व्यापारी कामस्वामी यांपैकी कोणीही त्याला अडवू शकत नाही. तो सर्वांना सोडू शकतो, कारण तो कोणाच्या मालकीचा नाही. जिने आपले उद्यान गौतमांच्या भिक्खूंना दिले, ती कमला मात्र अखेरच्या आजारात असलेल्या गौतमांच्या दर्शनास निघालेली असताना वाटेतच सर्पदंशाने मरते. गौतमांवर खरी श्रद्धा ठेवणारी स्त्री कथेच्या कडेला राहते आणि नायक नदीकाठी शांती मिळवितो. भाषेचे माधुर्य मान्य करूनही आम्हास असे वाटते की, ही शांती ज्याला अनुज्ञेची अडचण कधी आली नाही त्याची शांती आहे.

तिसरी कादंबरी आमच्या वाचकांच्या मनाला सर्वांत अधिक टोचणारी आहे आणि म्हणूनच ती आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. 'दिव्या'चे स्थळ मद्रदेशाची राजधानी सागल हे आहे. 'मिलिंदपञ्ह' ज्या नगरीच्या वर्णनाने सुरू होतो तीच ही नगरी; काळ मिलिंदानंतरचा. यशपाल हे भगतसिंगांचे क्रांतिकारक सहकारी होते; पुढे ते मार्क्सवादी विचाराचे लेखक झाले. ही कृती इतिहास नसून ऐतिहासिक कल्पना आहे, असे त्यांनी स्वतः स्पष्ट केले आहे. धर्मस्थ देवशर्मा यांच्या ब्राह्मण घराण्यातील दिव्या ही कन्या दासकुळातून वर आलेल्या पृथुसेनावर प्रेम करते. तो तिला सोडून गणपतीच्या कन्येशी विवाह करतो. गर्भवती दिव्या घर सोडते, फसविली जाते, दासी म्हणून विकली जाते. मथुरेत एका ब्राह्मणाच्या घरी मालकाच्या बाळाला पाजण्यासाठी तिला ठेवले जाते आणि तिचे स्वतःचे मूल उपाशी राहते. एके दिवशी ते मूल छातीशी धरून ती पळते आणि बौद्ध विहाराच्या दाराशी येते.

स्थविर तिला तिच्या अभिभावकाची अनुज्ञा विचारतात. ती दासी आहे असे कळल्यावर स्वामीची अनुज्ञा हवी असे सांगतात. ती म्हणते की, तथागतांनी अंबपालीला शरण दिले होते. त्यावर मिळालेल्या उत्तराचा आशय असा की, वेश्या ही स्वतंत्र स्त्री असते. दार बंद होते. दिव्या यमुनेत उडी घेते. मूल दगावते, ती वाचते, आणि पुढे नर्तकी अंशुमाला म्हणून जगते.

हा प्रसंग वाचून आपल्यापैकी काहींना राग येतो. लेखकाने बौद्ध संघाची बदनामी केली, असे म्हणणारे आम्हास भेटले आहेत. आमचे त्यांना सांगणे असे की, आधी विनय उघडून पाहावा. दासाला प्रव्रज्या देऊ नये, हा नियम महावग्गात आहे. उपसंपदेच्या वेळी, तू दास नाहीस ना, ऋणी नाहीस ना, राजाचा सैनिक नाहीस ना, मातापित्यांची अनुज्ञा आहे ना, असे प्रश्न विचारले जातात. स्त्रीच्या बाबतीत पतीच्या अनुज्ञेचीही भर पडते. या बाबतीत यशपालांनी असत्य लिहिलेले नाही.

परंतु नियमाबरोबर त्याची निदानकथाही वाचावी लागते. प्रारंभी असा प्रतिबंध नव्हता. एक दास पळून येऊन भिक्खू झाला. त्याच्या मालकांनी त्याला ओळखले. पण शाक्यपुत्रीय श्रमणांना कोणी हात लावू नये असा बिंबिसार राजाचा हुकूम असल्यामुळे ते त्याला नेऊ शकले नाहीत. मग लोकांनी कुरकुर केली आणि नियम झाला. सैनिकांविषयीचा नियम बिंबिसाराच्या तक्रारीतून आला, मातापित्यांच्या अनुज्ञेचा नियम राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाच्या दुःखातून आला. राज्य, मालक आणि कुटुंब या तीन सत्तांच्या मध्ये संघाला जगावयाचे होते. आमच्या मते हे नियम त्या सत्तांशी संघाने केलेली तडजोड आहेत. तडजोडीला धम्म म्हणू नये, आणि ती झालीच नाही असेही म्हणू नये.

स्थविरांच्या उत्तरात दोन दोष मात्र आहेत आणि ते समीक्षकाने दाखविले पाहिजेत. पहिला अंबपालीविषयीचा. थेरीगाथेच्या अट्ठकथेनुसार अनेक राजकुमार तिच्यासाठी भांडू लागले, तेव्हा ती सर्वांचीच असो असा निर्णय देऊन तिला गणिका केले गेले. तिला कोणी विचारले नव्हते. तिचे स्वातंत्र्य इतरांच्या निवाड्यातून आलेले होते. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. दिव्या 'शरण' मागते आणि स्थविर 'प्रव्रज्ये'चा नियम सांगतात. या दोन गोष्टी भिन्न आहेत. त्रिशरण घेण्यास कोणाच्या अनुज्ञेची अट नाही. थेरीगाथेतील पुण्णिका अनाथपिंडिकाच्या घरची दासी होती. दासी असतानाच तिने धम्म ऐकला, जाणला आणि स्नानाने पाप धुतले जाते असे मानणाऱ्या ब्राह्मणाला निरुत्तर केले. अट्ठकथा सांगते की, त्यानंतर श्रेष्ठीने तिला दास्यमुक्त केले आणि मग ती भिक्खुनी झाली. संघाच्या दारात तिला मालकाच्या मुक्तिदानाची वाट पाहावी लागली, धम्माच्या दारात नाही.

येथे बाबासाहेबांचे एक निरीक्षण आठवावे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी म्हटले आहे की, संघात प्रवेशासाठी विधी होता, परंतु भिक्खू न होता धम्मात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी स्वतंत्र धम्मदीक्षा नव्हती. ही उणीव त्यांनी गंभीर मानली आणि भारतातून धम्माचा ऱ्हास होण्याच्या कारणांत तिची गणना केली. त्याच ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी विचारले आहे की, भिक्खू हा आदर्श पुरुष म्हणून निर्माण केला की समाजसेवक म्हणून? हे दोन प्रश्न मनात ठेवून 'दिव्या'तील विहाराचे दृश्य पुन्हा वाचावे. त्या स्थविरांनी विनयाचे पालन केले. दारातील आई आणि मूल मात्र यमुनेकडे गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा पित्याची, पतीची वा मालकाची अनुज्ञा आहे काय, असे कोणी कोणास विचारले नाही. यशपालांच्या प्रश्नाला कादंबरीत उत्तर नाही. अकरा वर्षांनी इतिहासात ते मिळाले, असे आम्ही समजतो.

याचा अर्थ यशपालांचे सर्वच पटते असे नाही. अखेरीस दिव्यासमोर तीन पुरुष येतात. रुद्रधीर कुलमहादेवीचे पद देऊ करतो, आता भिक्खू झालेला पृथुसेन धम्माचे शरण देऊ करतो आणि लोकायतवादी मूर्तिकार मारिश सुखदुःखाची सोबत देऊ करतो. ती मारिशला स्वीकारते. पृथुसेनाला तिने दिलेला नकार न्याय्यच आहे. ज्याने तिला टाकले त्याच्याच हातून शरण घेण्याचे कारण नाही. परंतु नकार देताना ती जे सांगते त्याचा आशय असा की, स्त्रीचा धर्म निर्वाण नसून सृष्टी आहे. येथे लेखकाने जिला कुळाच्या आणि मालकाच्या बंधनातून सोडविले तिलाच निसर्गाच्या नावाने पुन्हा एका नेमून दिलेल्या धर्मात बांधले, असे आम्हास वाटते. थेरीगाथेतील पटाचारा आणि किसागोतमी यांनी मुले गमावली होती. त्यांनी निवडलेला मार्ग स्त्रीत्वाशी विसंगत होता, असे म्हणण्याचा अधिकार लेखकाला कोणी दिला? स्त्रीचा धर्म काय हे तिच्या वतीने ठरविणारा मनू असो वा मार्क्सवादी कादंबरीकार, आक्षेप दोघांवरही घ्यावा लागेल.

ज्यांच्या विहारात ग्रंथवाचन होते त्यांना आमची सूचना आहे. वर्षावासात एखादा आठवडा 'दिव्या'साठी ठेवावा. विहाराच्या दारातील प्रकरण मोठ्याने वाचावे, त्यासोबत महावग्गातील दासाचा नियम व पुण्णिकेची गाथा वाचावी, आणि चर्चेत प्रथम स्त्रियांना बोलू द्यावे. आज आपल्या विहाराच्या दाराशी मूल घेऊन, घरातून हाकललेली, कागदपत्र नसलेली कोणी स्त्री आली, तर आपण तिला आधी काय विचारू, एवढा एकच प्रश्न त्या सभेपुढे ठेवला तरी पुरे होईल.